आय३-१२१०० की रायझन ५ ५६००जी? कमी बजेटमधले दोन प्रोसेसर स्वतः मोजून कसे पारखायचे

लातूर, नांदेड, परभणीकडं कोणी नवीन कॉम्प्युटर जोडायला निघालं की बजेट बहुतेक वेळा तीस-चाळीस हजाराच्या आतबाहेर असतंय आणि प्रश्न पण ठरलेला असतोय, इंटेलचा आय३-१२१०० घेऊ का एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेऊ. दोन्हीच्या पोटातच ग्राफिक्स आहे, म्हणजे वेगळं कार्ड न घेता मशीन चालू होतंय, म्हणून सगळे ह्या दोघांपाशी येऊन अडकायलेत. यूट्यूबवर एकजण ह्याला चांगलं म्हणतो, दुसरा त्याला, आणि दुकानात गेलं की जे स्टॉकला आहे तेच बेस्ट असतंय. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या टेबलावर, तुमच्या फायलींवर, तुमच्या गावच्या उन्हाळ्यात कोणता बरा पडतो ते तुम्ही स्वतः मोजू शकता, त्याला इंजिनिअर असायची गरज नाही, मोबाईलमधलं स्टॉपवॉच आणि एक दुपार पुरते. कसं मोजायचं ते इथं सगळं सविस्तर लिहितो.

आधी दोघांची कुंडली

१२१०० आला जानेवारी २०२२ मध्ये. चार कोर (काम करणारे गडी), आठ थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामं), बेस म्हणजे नेहमीचा वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोला म्हणजे जोर लावल्यावर ४.३ पर्यंत जातो, एल३ कॅश (चिपच्या आतली झटपट मेमरी) १२ एमबी, बेस पॉवर ६० वॅट आणि टर्बोमध्ये जास्तीत जास्त ८९ वॅट. आतलं ग्राफिक्स यूएचडी ७३०. सॉकेट (बोर्डावर चिप बसायची जागा) एलजीए १७००, म्हणजे एच६१०, बी६६०, बी७६० असले बोर्ड लागतात, आणि बोर्ड डीडीआर४ रॅमचा का डीडीआर५ चा ते बघून घ्यावं लागतं कारण चिप दोन्ही चालवते पण एका बोर्डावर एकच बसते.

५६००जी हा ऑगस्ट २०२१ मध्ये दुकानात आला. सहा कोर, बारा थ्रेड, बेस ३.९, बूस्ट (एएमडीचा टर्बो) ४.४, एल३ कॅश १६ एमबी, टीडीपी (किती उष्णतेची तयारी ठेवायची तो आकडा) ६५ वॅट, आतलं ग्राफिक्स वेगा ७. सॉकेट एएम४, बोर्ड ए५२०, बी४५०, बी५५० वगैरे, रॅम फक्त डीडीआर४.

आता हे वाचून कोणी पण म्हणल की सहा कोर, जास्त गिगाहर्ट्झ, जास्त कॅश, विषय संपला, ५६००जी घ्या. पण विषय इथं संपत नाही. १२१०० चा एकेक कोर ५६००जी च्या कोरपेक्षा दमदार आहे, त्याच गिगाहर्ट्झमध्ये तो जास्त काम उरकतो, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून तुलना करायची नसते. सिनेबेंच आर२३ नावाची फुकटची टेस्ट आहे, तिच्यात सिंगल कोरला १२१०० साधारण सोळाशे ते सतराशेच्या घरात जातो, ५६००जी पंधराशेच्या आसपास राहतो. मल्टी कोरला उलटं होतंय, १२१०० आठ-साडेआठ हजारावर थांबतो आणि ५६००जी साडेदहा-अकरा हजारापर्यंत जातो. सोयाबीन काढायला चार तगडे गडी लावायचे का सहा बऱ्यापैकी गडी, तसला हा प्रश्न आहे, वावर मोठं असलं तर सहा जण लवकर उरकतात, पण काम एकट्यानंच करायचं असलं तर तिथं तगडाच लागतो. तुमचं काम वाटून होणारं आहे का एकट्याचं आहे, सगळी मेख तिथं आहे.

नावाचं पण बघा, लई लोक इथं फसतात. १२१००एफ म्हणजे ग्राफिक्स नसलेला, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन येणारच नाही. रायझन ५ ५५०० हा पण तसाच, सहा कोर आहेत पण डिस्प्ले नाही. ५६०० आणि ५६००जी हे भाऊ वाटतात पण ५६०० ला ३२ एमबी एल३ आहे आणि ग्राफिक्स नाही. ५६००जीटी जानेवारी २०२४ ला आला, तो जवळपास ५६००जी च आहे, बूस्ट ४.६ चा. इंटेलकडं १३१०० आणि १४१०० मध्ये पण तेच चार कोर, फक्त टर्बो अनुक्रमे ४.५ आणि ४.७, म्हणून हजार-पाचशेच्या फरकात मिळाला तर घ्या, त्याच्यासाठी जास्त मोजू नका. लॅपटॉपमध्ये तर अजून गोंधळ, रायझन ५ ७५२०यू चा नंबर ५६०० पेक्षा मोठा दिसतो पण आत चारच कोर आणि ते पण झेन २ चे (झेन म्हणजे एएमडीच्या कोरची पिढी), म्हणजे ५६००जी च्या झेन ३ पेक्षा जुने. नंबर मोठा म्हणजे माल नवा, असं धरून चालू नका.

पहिलं काम कागदावर करायचं

मोजायच्या आधी एक कागद घ्या आणि तुमच्या मशीनवर दिवसभर काय काय चालतंय ते लिहा, आणि प्रत्येकापुढं एक खूण करा, ह्या कामात मी स्क्रीनकडं बघत बसतो का हे काम लावून देऊन उठतो. हे लई महत्त्वाचं आहे आणि कुठल्याच बेंचमार्कमध्ये (वेग मोजायच्या टेस्टमध्ये) हे येत नाही.

समजा तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला बाहेर रांग लागलेली असते, ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, एकीकडं स्कॅनर, एकीकडं फोटोची साईज कमी करणं, सातबाऱ्याची पीडीएफ उघडणं, प्रिंट देणं. हे सगळं बारीक बारीक काम आहे, प्रत्येकात गिऱ्हाईक समोर उभं असतंय, आणि ह्यातलं बहुतेक एका-दोन कोरवर चालतंय. इथं १२१०० चा तगडा कोर हाताला जाणवतो. (सर्व्हरच हळू असला तर कोणताच प्रोसेसर काही करू शकत नाही, ते वेगळं.) टॅली, एक्सेलचं मोठं शीट, त्यातले मॅक्रो, हे पण ह्याच खान्यात, मॅक्रो तर एकाच थ्रेडवर पळतो, तिथं बारा थ्रेड असले काय आणि आठ असले काय.

आता समजा तुमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नसराईत रात्री एक्स्पोर्ट लावून घरी जाता, तिथं सहा कोरचं काम आहे, पण तुम्ही झोपलेले असता तेव्हा ते तीन तासात झालं काय आणि चार तासात झालं काय, सकाळी फाईल तयार असली म्हणजे झालं. उलट एडिटिंग करताना टाइमलाइन अडकत अडकत चालली तर दिवसभर डोकं उठतं. म्हणजे एकाच स्टुडिओत दोन तऱ्हेचा वेळ आहे आणि दोन्हीची किंमत सारखी नाही. मी तर सांगतो, ज्या कामात तुम्ही बघत बसता त्याच्या एका मिनिटाला लावून-सोडायच्या कामाच्या चार-पाच मिनिटांइतकं वजन द्या.

दोन मशीन कुठून आणायच्या

विकत घ्यायच्या आधी मोजायचं म्हणल्यावर हा प्रश्न येणारच. ह्या दोन्ही चिप एवढ्या खपल्यात की ओळखीत कोणाकडं तरी असतेच, मामाच्या पोराचा गेमिंगचा सेट, सीएच्या ऑफिसमधलं मशीन, किंवा जो असेंबल करून देतो त्याच्या दुकानात गिऱ्हाईकासाठी जोडून ठेवलेला सेट, नीट विचारलं तर अर्धा-एक तास बसू देतात. तुम्ही फक्त पेनड्राइव्ह तयार ठेवा. त्यात सीपीयू-झेड (चिपची ओळख दाखवणारं), एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं), सिनेबेंच, सेव्हन-झिप (फायली दाबणारं) आणि हँडब्रेक (व्हिडिओचा फॉरमॅट बदलणारं) ठेवा, सगळे फुकट मिळतात आणि अधिकृत साइटवरूनच उतरवा, आणि सोबत तुमच्या स्वतःच्या फायली, म्हणजे एक खरी एक्सेल, एक खरी पीएसडी (फोटोशॉपची फाईल), एक पाच मिनिटांची व्हिडिओ क्लिप. फायली मशीनच्या एसएसडीवर कॉपी करून मगच मोजा, पेनड्राइव्हवरूनच उघडल्या तर तुम्ही पेनड्राइव्हचा वेग मोजाल.

दोन्हीकडं परिस्थिती सारखी करा

इथं घाई करू नका, निम्म्या चुकीच्या तुलना इथंच होतात. एका मशीनमध्ये एसएसडी आणि दुसऱ्यात जुनी हार्डडिस्क असली तर प्रोसेसरची तुलना होणारच नाही, हार्डडिस्कवाला हरणार. रॅमचं त्याहून जास्त. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, तिथं दोन गोष्टी बघा, स्पीड किती दाखवतंय आणि किती स्लॉट भरलेत. पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅम बऱ्याच मशीनमध्ये २४०० नाहीतर २६६६ वर पळत असते कारण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगानं चालवायची सोय, चालूच केलेलं नसतंय. चालू करा, सेव्ह करा, परत येऊन बघा.

आणि स्लॉट. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक असली तर रॅमचा रस्ता सेकंदाला २५.६ जीबीचा, दोन स्टिक असल्या तर ५१.२ जीबीचा, सरळ दुप्पट. साध्या ऑफिसच्या कामात हे फार कळत नाही, पण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते ह्याच रॅममधून खातं, म्हणून ५६००जी मध्ये ८ जीबीची एकच स्टिक टाकून गेम खेळायला बसलं की त्याचा अर्धा जीव जातो. वर बायोसनं ग्राफिक्ससाठी २ जीबी बाजूला ठेवली तर विंडोजला उरल्या ६. मी बघतो की लोक "५६००जी स्लो आहे" म्हणून सांगतात आणि कॅबिनेट उघडलं की एकच स्टिक निघते. त्या चिपवर तो अन्याय आहे. ८-८ च्या दोन टाका मग बोला. मोजताना जमलं तर त्याच दोन स्टिक दोन्ही मशीनमध्ये फिरवा, डीडीआर४ चा बोर्ड असला तर १२१०० पण त्या घेतो.

बाकी बारीकसारीक पण करून घ्या, विंडोज एकाच व्हर्जनचं (विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, दोन्ही चिप विंडोज ११ अधिकृतपणे चालवतात तर तेच ठेवा), पॉवर प्लॅन दोन्हीकडं एकच, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरचा नवा, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची सुरक्षेची सेटिंग) दोन्हीकडं चालू नाहीतर दोन्हीकडं बंद, अपडेट मागं चालू नाही ना हे बघा, आणि मशीन चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या म्हणजे मागची झाडझूड उरकते. फायली नवीन कॉपी केल्या की विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर त्या तपासत बसतो, त्याला पण वेळ द्या.

आता मोजायचं

सीपीयू-झेडमध्ये चिपचं नाव आणि कोर बघून घ्या, खरंच तीच चिप आहे ना. मग सिनेबेंच, आधी सिंगल मग मल्टी. आर२३ मधली टेस्ट मुळातच दहा मिनिटं चालते, ते बरंच आहे, कारण पहिल्या मिनिटाला सगळेच वाघ असतात. वर जे आकडे दिलेत त्याच्या आसपास आले तर मशीन निरोगी आहे. लई खाली आले तर आधी कारण शोधा, रॅम, पंखा, पॉवर प्लॅन, आणि मगच पुढं जा, कारण आजारी मशीन मोजून काही कळत नाही.

त्यानंतर तुमच्या फायली. स्टॉपवॉच लावा, प्रत्येक काम चार वेळा करा, पहिली वेळ सोडून द्या कारण दुसऱ्यांदा फाईल रॅममधून येते, उरलेल्या तिन्हीमधला मधला आकडा लिहा. सरासरी काढायची नाही, एखाद वेळी मागं काहीतरी चालू झालं तर सरासरी बिघडते, मधला आकडा तसा हलत नाही.

फोटोशॉपवाल्यांनी अल्बमचं खरं शीट घ्या. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल, आणि आठ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर पूर्ण भरलेला एकेक लेअर ११६-११७ एमबीचा. पंधरा-वीस लेअर झाले, मागं अंडू हिस्ट्री, वर ब्राउझर आणि व्हॉट्सअॅप, ८ जीबी कधी संपली कळत पण नाही आणि मग सगळं एसएसडीवर ढकललं जातंय, तिथं प्रोसेसर बिचारा मोकळा बसलेला असतोय. म्हणून ही टेस्ट चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती टक्के भरली ते बघत राहा, नव्वदच्या वर गेली तर तुमचा प्रश्न १२१०० का ५६००जी हा नाहीच, तुमचा प्रश्न १६ जीबीचा आहे.

कच्च्या ताकदीसाठी सेव्हन-झिपचा आतलाच बेंचमार्क चालवा आणि हँडब्रेकमध्ये तीच क्लिप एक्स२६४ ला (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) टाका, ही दोन्ही कामं सगळ्या कोरवर नीट वाटली जातात म्हणून इथं ५६००जी पुढं निघतो, आणि निघायलाच पाहिजे. नाही निघाला तर परत वरची सगळी तपासणी.

व्हिडिओवाल्यांसाठी इथं थांबून सांगतो

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांचा निकाल कोर मोजून लागत नाही, चिपमध्ये व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग असतो त्याच्यावर लागतो. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात. कॅननच्या आर६ सारख्या कॅमेऱ्यात लॉगमध्ये (नंतर रंग सुधारायला सोयीच्या फिक्या रंगात) शूट केलं की फाईल एचईव्हीसी (व्हिडिओ दाबायची पद्धत), १० बिट, ४:२:२ ची, म्हणजे रंगाची जास्त माहिती असलेली निघते. १२१०० चं यूएचडी ७३० ही फाईल हार्डवेअरमध्ये उलगडतं, ५६००जी चं वेगा उलगडत नाही, मग सगळा भार कोरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये पण ४:२:२ ची सोय आरटीएक्स ५० च्या मालिकेत आली, त्याच्या आधीच्यात नाही. म्हणजे स्वस्तातला चार कोरचा आय३ इथं सहा कोरवाल्याला मागं टाकतो, आणि सिनेबेंचचा आकडा बघून हे कधीच कळलं नसतं. पण त्यात पण दोन अटी आहेत, एक म्हणजे १२१००एफ घेतला तर हे सगळं गेलं कारण ग्राफिक्सच बंद आहे, आणि दुसरं म्हणजे तुमची फाईल एच२६४ मधली ४:२:२ असली तर ही सोय १२१०० मध्ये पण नाही. म्हणून तुमच्याच कॅमेऱ्याची क्लिप घेऊन जा, मीडियाइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये फॉरमॅट बघा, आणि टाइमलाइनवर ओढून बघा. पुढं कधी कार्ड लावलं तर बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालूच ठेवा नाहीतर क्विक सिंक गायब होतं.

असाच अजून एक फरक एव्ही१ चा, ही पण व्हिडिओ दाबायची एक पद्धत. यूट्यूब बरेच व्हिडिओ एव्ही१ मध्ये पाठवतं, १२१०० ते हार्डवेअरमध्ये चालवतो, वेगाला ती सोय नाही म्हणून ५६००जी कोर वापरून चालवतो. १०८०पी ला व्हिडिओ अडकत नाही, पण सीपीयूचा वापर आणि पंख्याचा आवाज वाढतो. लातूरला नीट-जेईईच्या तयारीला राहिलेलं पोरगं दिवसभर लेक्चरच बघणार असंल तर ही गोष्ट ध्यानात घ्या.

गेमिंग दोन ओळीत

कार्ड न घेता खेळायचं असलं तर ५६००जी, वाद नाही, वेगा ७ हे यूएचडी ७३० पेक्षा बरंच पुढं आहे, व्हॅलोरंट, जीटीए ५ असले गेम सेटिंग खाली ठेवून चांगले चालतात, रॅम दोन स्टिकची असली तर. आज नाहीतर उद्या कार्ड घ्यायचंच असलं तर ५६००जी नको, कारण त्याला कॅश निम्मी आणि पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) ३.० च आहे, आरएक्स ६५००एक्सटी सारखं चार लेनचं कार्ड त्याच्यावर गळपटतं, तिथं १२१०० बहुतेक गेममध्ये बरोबरीला नाहीतर पुढं राहतो, आणि एएमडीच पाहिजे असंल तर साधा ५६०० घ्या.

उन्हाळ्याची टेस्ट

ही टेस्ट पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत तुम्हाला कोणी दाखवणार नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं बाहेर ४२-४३ अंश असतंय आणि दुकानाला वर पत्रे असले तर आत त्याच्याहून कमी नसतंय. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा मारतो, खोली दहा अंशानं तापली की चिप पण साधारण दहा अंशानं तापते, हे साधं गणित आहे. त्यामुळं डिसेंबरात एक मशीन मोजलं आणि मे मध्ये दुसरं, तर आकडे शेजारी ठेवू नका. खोलीचं तापमान लिहा, चिपचं तापमान लिहा, आणि दोघांतला फरक लिहा, तुलना त्या फरकाची करायची.

करायचं असं, कॅबिनेटचं झाकण लावलेलंच ठेवा, एचडब्ल्यूइन्फो चालू करा, सिनेबेंचला तीस मिनिटं लावा. पहिल्या पाच मिनिटात कोर किती गिगाहर्ट्झवर आहेत आणि शेवटच्या पाच मिनिटात किती, हे टिपा. १२१०० ची मर्यादा १०० अंश, ५६००जी ची ९५. त्या मर्यादेला टेकली की चिप स्वतःहून वेग कमी करते, जळत नाही, पण तुम्ही ज्या वेगाचे पैसे दिलेत तो मिळत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या पुढं "येस" दिसलं की समजायचं. बॉक्समधला पंखा दोन्हीसोबत येतो आणि दोन्ही पंखे सावलीतल्या खोलीत पुरतात, पत्र्याच्या दुकानात मात्र सहा कोर सतत लोडवर ठेवणार असाल तर ५६००जी ला वरचा एखादा टॉवर पंखा आणि कॅबिनेटला मागून हवा ओढणारा पंखा हवाच, ते पैसे पण त्याच्याच किमतीत धरा. स्वस्तातले ए३२० चे जुने बोर्ड ज्यांच्या पॉवरच्या भागावर हीटसिंकच नसतंय ते पण तापतात, त्यांच्यापासून लांब राहा. आणि उन्हाळ्यात पाण्याचा कूलर लावता तेव्हा त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, धूळ ओली होऊन पंख्याला लपेटते.

लाईट, यूपीएस आणि बिल

भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, उसना मिळाला तरी चालतो. रिकामं मशीन किती खातंय, तुमचं रोजचं काम करताना किती आणि सिनेबेंचला किती, तीन आकडे घ्या. कार्ड नसलेला असला सेट मॉनिटर सोडून भर लोडवर पण साधारण दीडशे वॅटच्या आतच राहतो, त्यामुळं बिलात फार फरक निघत नाही, समजा दोघांमध्ये २० वॅटचा फरक निघाला आणि रोज आठ तास चाललं तर १६० वॅट-तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर चार युनिट. चार युनिटसाठी प्रोसेसर बदलायचा नसतो. पण लाईट गेल्यावर यूपीएस किती वेळ धरतो ह्याला तो फरक लागतो, ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटचाच असतो आणि प्रिंटर त्याच्यावर लावायचाच नसतो. प्रत्यक्ष बघा, एक्स्पोर्ट चालू असताना मेन स्विच बंद करा आणि घड्याळ लावा, आधी कामाच्या फायली सेव्ह करून. एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र पैसे वाचवू नका, व्होल्टेज खालीवर होणाऱ्या गावात पाचशे रुपयांचा लोकल एसएमपीएस लावणं म्हणजे बोर्ड पणाला लावणं आहे.

आकड्यांचा हिशोब

टक्के काढताना गफलत होते. एका मशीननं १० मिनिटं घेतली, दुसऱ्यानं ८, तर दुसऱ्याचा वेळ २० टक्के कमी पण वेग २५ टक्के जास्त. दोन्ही खरं आहे, फक्त एका कामाला वेळाचा टक्का आणि दुसऱ्याला वेगाचा असं मिसळू नका.

किंमत चिपची नाही, पूर्ण सेटची लिहा. समजा एक चिप १० हजाराची आणि दुसरी १३ ची, तर तीस टक्के महाग वाटते, पण बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस धरून सेट ३२ आणि ३५ हजाराचा होत असंल तर फरक नऊ-साडेनऊ टक्क्यांचाच आहे. आता तुमच्या कागदावरच्या कामात, ते वजन दिलेलं धरून, नऊ टक्क्यांहून जास्त फायदा होतोय का बघा. कधी उलटं पण होतं, एएम४ चा बोर्ड स्वस्तात मिळाला तर सहा कोरवाला सेटच स्वस्त पडतो. भाव त्याच दिवशीचे, जीएसटीसकट, लेखी घ्या.

माझा कल विचाराल तर काउंटर, ऑफिस, टॅली, अल्बम डिझाइन आणि १० बिट व्हिडिओ ह्याला १२१००. कार्डाशिवाय गेम, प्रोग्रामिंग शिकणारं पोरगं ज्याच्याकडं एका वेळी चार गोष्टी चालू असतात, रोजचं सॉफ्टवेअर रेंडर, ह्याला ५६००जी.

घेताना आणि बसवताना

सीलबंद बॉक्सच घ्या, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रे म्हणून सुटी चिप मिळते तिला तसली नसते. बिलावर मॉडेल पूर्ण लिहून घ्या, नुसतं "आय३ १२वी जनरेशन" चालणार नाही. पुढच्या अपग्रेडचा विचार असंल तर एलजीए १७०० वर बायोस अपडेट करून १३ व्या, १४ व्या जनरेशनचे आय५ बसतात, एएम४ वर ५७००एक्स सारखे आठ कोरचे बसतात, दोन्ही सॉकेटचा पुढचा रस्ता ह्याच पिढ्यांपाशी थांबतो. जुन्या स्टॉकचा बोर्ड घेत असाल तर त्यातला बायोस तुमच्या चिपला ओळखतो का हे दुकानातच चालू करून बघा.

पिना सांभाळा. १२१०० च्या चिपला पिना नसतात, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून बोर्ड घेताना सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण उचलून बॅटरीच्या उजेडात तिरपं बघा, एखादी पिन वाकलेली असली तर तिथंच परत करा. ५६००जी च्या पिना चिपच्या खाली असतात, आणि तिथं पंखा काढताना घोळ होतो, चिप आणि पंख्यामधली पेस्ट वाळून चिकटलेली असते आणि सरळ वर ओढला की लॉक असताना पण चिप पंख्यासोबत उपटून येते. म्हणून आधी मशीन दहा मिनिटं लोडवर चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा, पंखा हलक्या हातानं डावी-उजवीकडं फिरवत सैल करा आणि मगच उचला.

सेट घरी आला की पहिल्याच आठवड्यात वरच्या सगळ्या टेस्ट परत एकदा तुमच्या टेबलावर घ्या, तापमानासकट, आणि आकडे लिहिलेला कागद कॅबिनेटच्या आतून चिकटवून ठेवा. वर्षभरानं आकडे खाली आलेले दिसले तर आधी धूळ ब्लोअरनं काढा, पंख्याचं पातं धरून, नाहीतर हवेनं ते भरधाव फिरून खराब होतं, मग पेस्ट बदला, आणि परत मोजा.